वडखळच्या कोंडीत उजवी सोंड

प्रिय ईशान आणि रेवा, मेलबर्नच्या विमानतळावर निरोप देताना ईशानने विचारले होते, "आजी, आता तू डायरेक्ट घरी ना?" मी ऐटीत सांगितले, "मुंबईला उतरायचे, वाटेत पेणला आपला गणपती घ्यायचा आणि दिवेलागणीच्या आत रोह्याला." तुमच्याकडच्या त्या लांबलचक सुट्टीतला हा शेवटचा टप्पा सगळ्यात सोपा, अशी माझी खात्री होती. नंतर फोनवर "व्यवस्थित पोचले" एवढेच बोलले, कारण तुमची आई काळजी करते. खरी हकीकत आता लिहिते.

मुंबईला नामदेव गाडी घेऊन आला होता. तो आपल्याच आळीतला. सहावीत मी त्याला इंग्रजी शिकवले. ते इंग्रजी तो आता फक्त दुसऱ्या ड्रायव्हरांना शिव्या देताना वापरतो. दुसऱ्या दिवशी गणेशचतुर्थी, त्यामुळे सगळे चाकरमानी (मुंबईत नोकरी करणारे कोकणातले लोक) गावाला निघालेले. मेलबर्नला गाड्या कशा आपापल्या पट्ट्यांतून शिस्तीत जातात, हे मी नामदेवला पनवेलपर्यंत समजावून सांगितले. पनवेलच्या पुढे रस्त्यावर पट्टेच दिसेनात.

"बाई, तिकडं खड्डे नसतात का?" त्याने विचारले.

"एकही नाही."

"मग डायवर झोपत असतील," नामदेव म्हणाला.

पेणला पोचलो तोवर दुपार कलली होती. आपली मूर्ती घडवणारा कारखाना तुम्हांला फोटोतून माहीत आहे. फळ्यांवर गणपतीच गणपती, हवेत रंगाचा आणि ओल्या शाडूचा वास, आणि दारापासून रस्त्यापर्यंत माणसे. रांग अशी नव्हतीच. तुमच्या देशात दोन महिने रांगेत उभी राहून मला रांगेचे वेडच लागले होते. मी सगळ्यांना एकामागे एक उभे करू लागले. हिरव्या लुगड्यातली, माझ्याच वयाची एक बाई पुढे घुसली, तिला मी हाताला धरून मागे नेले.

"अगो, टेम्पो उभा हाय माझा! खांबला जायचं हाय," ती म्हणाली.

"मला रोह्याला जायचं आहे. रांग म्हणजे रांग."

"व्हय गो व्हय, तुझीच रांग!" ती म्हणाली आणि हसली.

आमच्या दोघींच्या मूर्ती बाकावर शेजारी शेजारी आणून ठेवल्या. दोन्ही सारख्याच उंचीच्या, दोन्हींच्या तोंडावर रुमाल. कारखानदार म्हणाला, "बाई, एकदा तोंड बघून घ्या." आता आपल्या घराची रीत अशी, की कारखान्यात झाकलेले गणपतीचे तोंड घरच्या उंबऱ्यावर ओवाळल्यावरच उघडायचे. मी त्याला ही रीत ऐकवली, वर "मला माझा गणपती कळतो" असेही सांगितले आणि मूर्ती उचलून चालू लागले. चष्मा तेव्हा हातबॅगेत होता.

वडखळ यायच्या आधीच गाड्या थांबल्या. पुढे ट्रक, मागे एसटी, दोन्ही बाजूंना रिक्षा. मूर्ती माझ्या मांडीवर, रीतीप्रमाणे तोंड माझ्याकडे. शाडूची मूर्ती दिसते त्यापेक्षा दुप्पट जड असते. माझे गुडघे आधी दुखले आणि मग बधिर झाले. बायका खिडक्यांशी येऊन पावसाळी काकड्या विकत होत्या. आम्ही दोन खाल्ल्या. गाडी हलली नाही. मी रस्ता बांधणाऱ्यांना, आराखडा काढणाऱ्यांना आणि शेवटी नामदेवलाही बोलून घेतले. तेवढ्यात शेजारून एक मोटरसायकल भुर्रकन गेली आणि तिच्या वाऱ्याने रुमाल उडाला.

मी पटकन डोळे मिटले. नामदेवने मिटले नाहीत.

"बाई, आपल्या घरात उजव्या सोंडेचा कधीपासून?"

मी डोळे उघडले. सोंड डावीकडे होती. "हा डावाच आहे," मी म्हटले.

"तुमच्या डावीकडं, बाई. त्याचं तोंड तुमच्याकडं हाय. त्याच्या उजवीकडं."

मी चष्मा लावला. नामदेव सहावीत नापास झाला होता, पण आज पास.

पोरांनो, उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे फार कडक असते आणि आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या डाव्या सोंडेचाच बसतो. एकदा उंबरा ओलांडून गणपती घरात आला की तो परत करत नाहीत. त्यात हा आपला नव्हताच. म्हणजे हिरव्या लुगड्याच्या घरी उद्या त्यांचा गणपती नाही आणि आपल्या घरी आपला नाही. तिचा टेम्पो आमच्या जरासा आधी सुटला होता. तो खांबला पोचला आणि तिने उंबऱ्यावर ओवाळले, तर संपलेच.

"मी पळतो," नामदेव म्हणाला.

"आणि गाडी पुढे सरकली तर चालवणार कोण?"

असा सगळा विचार करून, रेवाने घेऊन दिलेल्या त्या जांभळ्या बुटांत, नऊवारी नव्हे तरी नीट चापून नेसलेल्या साडीत, तुमची आजी उडालेला रुमाल पुन्हा झाकून गणपती छातीशी धरून महामार्गावर उतरली. लोकांना वाटले, गाडीला कंटाळून बाई चालतच घरी निघाली. एसटीच्या खिडक्यांतून "मोरया!" सुरू झाले. माणसे हात जोडत होती. मी प्रत्येक टेम्पोपाशी थांबून विचारत होते, "तुमच्या गणपतीची सोंड कुठे आहे?" एक जण म्हणाला, "आजी, तोंडावरच हाय."

आणि मग एका निळ्या टेम्पोच्या मागच्या फळीवर हिरवे लुगडे दिसले. मांडीवर गणपती, रुमाल तसाच. मला पाहून ती ओरडली, "काय गो, इथं पण रांग लावायला आलीस?"

मी नुसता आमच्याकडचा रुमाल उचलला. तिने सोंड पाहिली आणि तिचे हसू गेले. तिने आपल्या मांडीवरचा रुमाल उचलला.

"आगो बाय! आमचा उजवा. सासऱ्यांपासनं उजवाच. घरी नेला असता तर काय तोंड दाखवलं असतं?"

"माझीच चूक," मी म्हटले. "मी बघितलं नाही."

"मी तरी कुठं बघितलं? तू मागं ओढलंस त्या रागात होते." मग ती पुन्हा हसली. "दे इकडं. रस्ता मोकळा असता ना, तर आता माझी आरती झाली असती."

टेम्पोतल्या दोन माणसांनी हात लावला, मूर्ती बदलल्या, आजूबाजूच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. मी तासभर ज्या कोंडीला शिव्या दिल्या, तिनेच दोन घरांचे गणपती धरून ठेवले होते. तुमच्याकडच्या गुळगुळीत रस्त्यावर हे जमले नसते, हे मी गाडीत परतल्यावर नामदेवला सांगितले नाही. त्याला ते आधीच कळले होते, असे त्याच्या तोंडावरून दिसत होते.

नागोठण्यापुढे रस्ता सुटला. रोह्याला पोचलो तेव्हा दिवे लागून गेले होते. सुमाआजी, म्हणजे माझी जाऊ, तबक घेऊन दारात उभी. तिने ओवाळले, पायांवर पाणी घातले आणि हळूच म्हणाली, "आता उघडा हो वहिनी तोंड. अजून कुणी बघितलं नाही ना?"

"नाही गं," मी म्हटले. "फक्त वडखळच्या अर्ध्या महामार्गाने."