मागून येणारी ओ

खंडेराव बसला की उठायचा, उठला की दाराशी जायचा आणि दारातून पुन्हा आत यायचा. लांडग्यामागं काठी घेऊन धावणारा पाचोडकडचा हा मेंढका, पण सडकेवर ट्रकचा हॉर्न वाजला की कान दाबून जागच्या जागी बसकण मारायचा. लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं?

मेंढरं सडकेपलीकडं न्यायची तर त्याची आणि धाकट्या भावाची, मुंजाबाची, रीत ठरलेली. खंडेरावनं आधी पलीकडं जाऊन हाळी द्यायची. कळप त्या आवाजावर यायचा. शेवटचं मेंढरू पार झालं की मागून मुंजाबा ‘ओ’ द्यायचा, आणि ती ऐकल्याशिवाय पुढच्यानं पाऊल टाकायचं नाही. गेल्या वर्षी हाळी दिली, कळप निघाला आणि मधेच ट्रक घुसला. मुंजाबाची ओ आलीच नाही. आपल्याच हाळीनं भाऊ चाकाखाली गेला, हे खंडेरावच्या डोक्यात घट्ट बसलं. त्यानंतर त्याच्या गळ्यातून हाळी निघाली नाही.

आता सडकेअलीकडचा चारा संपला होता. बायको सुगंधाबाईनं साफ सांगितलं, “हाळी देणार असाल तर बोला, नायतर मेंढरं इकून टाकू. उपाशी मारायची नायत मला.”

कुणीतरी संभाजीनगरच्या एका दवाखान्याचं नाव सुचवलं. तिथं धसका घेतलेल्या माणसांवर नव्या इलाजाची चाचणी चालली होती. डॉक्टर रत्नमाला मॅडमनी आधीच समजावून सांगितलं, की मानेतल्या नसांच्या एका गाठीजवळ बधिर करणारं इंजेक्शन देतात, त्यानं जिवाची धडधड उतरते का ते पाहायचंय. निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. खऱ्या औषधानं कधीकधी त्या बाजूची पापणी थोडा वेळ खाली येते, हेही सांगितलं. खंडेरावनं मान डोलावली. आपल्याला खरं औषधच मिळणार, असं प्रत्येकालाच वाटतं.

सुई टोचून झाली. शेजारच्या खाटेवर काकासाहेब म्हणून एक ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर होता. घटकाभरात त्याची एक पापणी खाली उतरली. खंडेराव आरशापुढं गेला. त्याचे दोन्ही डोळे टक्क उघडे.

झालं! मेंढरांना लस टोचताना टोचलेल्याच्या डोक्यावर रंगाचा ठिपका देतात, म्हणजे राहिलेलं लगेच कळतं. खंडेरावनं तोच हिशेब लावला. काकासाहेबाला ठिपका आहे, आपल्याला नाही.

“मॅडम, मी राह्यलो. मला पानीच टोचलंय.”

“पापणी सगळ्यांचीच उतरते असं नाही, खंडेराव. तुम्हाला काय दिलंय ते मलाही सांगितलेलं नाही. चाचणी संपली की कळेल.”

“तवर मेंढरांनी काय खायचं?”

एसटीतून परत येताना खंडेराव सारखा मान चोळत होता, खिडकीच्या काचेत डोळा पाहत होता. शेजारचा प्रवासी वैतागून उठून गेला.

दोन दिवसांनी सुगंधाबाईनं काही न विचारता मेंढरं सोडली आणि सडकेवर आणली. ती मागं राहिली. खंडेराव पलीकडं गेला. लांबवर हॉर्न वाजला. छातीत धडधड झाली, खाली बसावंसं वाटलं. पण तो बसला नाही. औषधानं म्हणा की पाण्यानं, देव जाणे. ट्रक निघून गेला, सडक मोकळी झाली, आणि वर्षभर अडकलेली हाळी गळ्यातून फाटक्या आवाजात बाहेर पडली.

मेंढरांनी आवाज ओळखला. माना वर करून सगळी धावली. शेवटचं लंगडं कोकरू बगलेत मारून सुगंधाबाईही पार झाली.

खंडेराव मात्र सडकेकडं पाठ करून तसाच उभा.

“चला की आता! कशाची वाट पाह्यताव?”

तो हलेना. कळप त्याच्याभोवती घोटाळू लागला. सुगंधाबाई चिडून पुढं निघाली आणि चार पावलांवर थबकली. तिला उमगलं. तिनं आजवर कधी ओ दिली नव्हती, ते मागच्या गड्याचं काम. ती परत कळपाच्या शेवटाला गेली, मुंजाबा उभा राहायचा तिथं, आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली.

“ओऽऽ!”

खंडेराव ढसाढसा रडला, वर्षात पहिल्यांदा. मग धोतराच्या सोग्यानं डोळे पुसून त्यानं पाऊल टाकलं.