बांधावरची झडती

"पदर झाड," आण्णा म्हणाले. मला. बावीस पोरांसमोर.

त्यांच्या मळ्यातून बाहेर पडायच्या वाटेवर, बांधाला, खुर्ची टाकून ते बसले होते. मी अंगणवाडीची सेविका. वय सेहेचाळीस. हातात हजेरीची वही, खांद्याला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी. झाडाला लागलेले टोमॅटो पोरांना दाखवून परत निघाले होते.

"आण्णा, मी पोरं घेऊन आलेय," मी म्हणाले.

"ते दिसतंय. पण तू गंगूचीच पोर न्हवं? तुझी आई बी झाडूनच जायची. झाड."

आणि मी झाडला. हे लिहिताना हात अडतो, पण लिहिणार. पदर कमरेतून सोडला, पुढे धरला, दोनदा झटकला. हातांना काही सांगावं लागलं नाही. सातव्या वर्षी आईच्या मागे याच बांधावर उभी राहून ते शिकले होते. तेव्हा खुर्चीवर आण्णांचे वडील असायचे. तोडणीच्या बाया ओळीनं यायच्या, पदरात भाजी लपवली नाही हे दाखवायला झाडायच्या, जायच्या.

सहलीची यादी मी आदल्या दिवशीच केली होती. टोप्या. पाणी. बिस्किटं. आण्णांची परवानगी. रस्त्यानं पोरांनी धरून चालायला दोरी. झडती यादीत नव्हती.

सहल काढली ती अंगणवाडीच्या भिंतीवरच्या एका तक्त्यामुळे. त्यावर पागोटं घातलेला हसरा शेतकरी, हातात भाजीची टोपली. त्याच्यावर बोट ठेवून मी विचारलं होतं, "भाजी कुठून येते?" सगळी पोरं एका सुरात ओरडली, "आण्णांकडनं!" त्यातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या आया रोज आण्णांच्याच मळ्यात राबतात. म्हटलं, डोळ्यांनी बघू दे.

मी पदर झटकला आणि मागे वळून बघितलं.

अंगणवाडीत मी टाळी वाजवली की पोरं टाळी वाजवतात. मी उडी मारली की उडी मारतात. तसंच झालं. रांगेतल्या पहिल्या पोरीनं फ्रॉकचा घेर धरला आणि दोनदा झटकला. मग दुसरीनं. मग मुलांनी चड्डीचे खिसे उलटे केले. हसत होती सगळी. बाईंनी शिकवलेला नवा खेळ.

आण्णा मांडी थोपटत हसले. "लई गुणाची हायत. चांगलं शिकवलंस."

रांगेत शेवटी आरती होती. चार वर्षांची. तिनं खिसा उलटा केला आणि एक टोमॅटो पडला. अर्धा कच्चा. घरंगळत खुर्चीपाशी गेला.

"बघ. आत्तापासनंच हात शिकलाय," आण्णा म्हणाले.

आरतीची आई, सुमन, तिथंच तोडत होती. टोमॅटोचं कॅरेट टाकून पळत आली. आधी तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला. मग आण्णांना हात जोडले. "चुकलं आण्णा. म्याच दिला. पोर मागत व्हती." मग मला, हळू आवाजात, "ताई, गप ऱ्हावा. उद्या काम हाय."

मी वाकले. टोमॅटो उचलला, त्याच पदराला पुसला, आरतीच्या हातात दिला. "खा."

"ठेव ते हितं."

"न्हाई ठेवत. तिच्या आईनं लावलाय. तिच्या आईनं खुरपलाय. तिच्या आईनं तोडलाय. खा गं."

"कावून गं, लई माज आला का? सायबाला सांगून घरी बसवीन."

"बसवा."

आरतीनं आईकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग चावा घेतला. रस हनुवटीवरून फ्रॉकवर. आण्णांकडे बघत बघत तिनं सगळा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सुमनला कामावर बोलावलं नाही. माझ्याविरुद्ध अर्ज गेला. दोन्ही मी वहीत लिहून ठेवलंय, वारासकट. सुमन आता पार चौसाळ्याकडे कामाला जाते, दोन गाड्या बदलून. माझ्याशी बोलत नाही. तिचा राग खरा आहे. तोही लिहिलाय.

तक्ता मी उतरवला. त्या जागी पुठ्ठा लावलाय. एकेका भाजीचं चित्र, पुढे नाव. टोमॅटो, सुमन. मिरची, शांता. कोथिंबीर, जुबेदा. सगळ्यात वर गवार, आणि माझी मेलेली आई, गंगू. रोज सकाळी विचारते, "भाजी कुठून येते?" पोरं नावं ओरडतात. आण्णांची गाडी समोरच्या रस्त्यानं जाते. म्हणून दार सताड उघडं ठेवते.

सव्वीस जानेवारीला आण्णा दरवर्षी अंगणवाडीत येतात. झेंडा, भाषण, पोरांना गोळ्या. यंदाही येतील. माझी यादी तयार आहे. पोरं रांगेत. आया भिंतीला. बाहेर पडायच्या वाटेवर एक खुर्ची. तिच्यावर मी. नोकरी असली तरी बसणार, गेली तरी बसणार.

आणि आण्णा निघाले की सगळ्या गावासमोर म्हणणार, "खिसे झाडा."