साडूच्या मुठीतला राजा

चष्मेवाल्याला वेड जुन्या सोन्याच्या नाण्यांचं. तीही साधीसुधी नव्हेत, बायझंटाईन, म्हणजे पूर्वेकडच्या रोमन राजांची, दीड हजार वर्षांपूर्वीची. उभ्या जन्मात जमली ती तीन, त्यातही एका राजाचं नाक झिजून गालात गेलेलं. तरी मखमली डबीला हात लावायचा तर बायकोलासुद्धा आधी हात धुऊन ये म्हणायचा.

साडूला या छंदाची लागण त्याच्याकडूनच झाली. साडू पंप दुरुस्त करणारा, नखांत कायमचं ग्रीस. वर्ष झालं नाही तोच एका रविवारी जेवायला आला आणि ताटावर बसायच्या आधी खिशातून पुडी काढली.

"दादा, बघा बरं. जुन्या बाजारात घेतलेल्या बटणांच्या डब्यात मिळालं."

चष्मेवाल्याने भिंग लावलं. राजा समोर तोंड करून, खांद्यावर भाला, शिरस्त्राणाचा तुरा जसाच्या तसा. मागे क्रूस धरलेला देवदूत. काल टाकसाळीतून निघाल्यासारखं. जन्मभर आपण दारोदार हिंडायचं, आणि मिळायचं या ग्रीसवाल्याला, तेही बटणांत.

"सोनं खरंय," तो म्हणाला, "पण ठसा अलीकडचा. नक्कल आहे." मग सहज बोलल्यासारखं, "नको असेल तर मी घेतो, सोन्याच्या भावात."

साडूचं तोंड उतरलं. "घरातल्या घरात कसला भाव, दादा. असू दे माझ्याकडेच."

असू दे, चष्मेवाल्याने मनात म्हटलं. कंटाळेल, मग आपसूक येईल हातात.

पुढच्या खेपेला मेहुणी दारातूनच मिरवत आली. गळ्यात साखळी, साखळीत ते नाणं. राजाच्या डोक्यावर कडी डागलेली, तुरा वितळून गेलेला, आणि सोनाराने हौसेने घासून आरसा केलेला.

चष्मेवाल्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "हे कोणी सांगितलं करायला?"

"तुम्हीच नक्कल म्हणालात ना," साडू म्हणाला. "खरं असतं तर हिला हात लावू दिला असता होय?"

"बरं झालं बाई खोटं निघालं," मेहुणी म्हणाली.

बायकोने ते बोटांत धरून निरखलं. "धाकटी मिरवते आणि थोरलीचा गळा मोकळा. अहो, तुमच्याकडे तर तीन आहेत."

"माझी खरी आहेत."

"मग तर छानच."

त्याच दिवशी डबीला कुलूप लागलं. साडू अजूनही दर रविवारी सहकुटुंब येतो. चष्मेवाला मेहुणीच्या गळ्याकडे टक लावून बसतो, आणि बायको टेबलाखालून त्याच्या नडगीवर पाय मारते.