धनगराला कशाला चेनपुली

“तू धनगर ना रे? ये पुढं.”

कँटीनमधी सत्तर-ऐंशी कामगार बसलेले. वजन कसं उचलावं, कंबर कशी जपावी, याचं ट्रेनिंग चालू होतं. बाहेरून आलेला ट्रेनर सांगत होता, एवढं जड एकट्यानं उचलू नका. तेवढ्यात आमच्या मॅनेजर साहेबानं मला उभं केलं. समोर लोखंडाच्या ओतीव भागांनी, कास्टिंगनं भरलेला क्रेट. पन्नास किलोचा.

“उचल.”

उचलला. टेबलावर ठेवला. साहेब मोबाईलवर शूटिंग घेत होता. म्हणला, “बघा. मेंढरं खांद्यावर घेऊन हिंडणारी जात. ह्यांना माणसासारखी कंबर नसतेच. ह्याला कशाला मशीन?”

सगळे हसले. टाळ्या. अन् मी येडा, मीबी हसलो. त्या हसण्याची मला आजबी लाज वाटते.

मग साहेबानं केबिनमधी नेऊन चहा पाजला. पाठीवर हात फिरवला. चार वर्षं झाली चिकलठाण्याच्या त्या कंपनीत ठेकेदाराकडून राबत होतो, कुणी पाणी विचारलं नव्हतं. तवाच मनात पाल चुकचुकली. बाजारात गिऱ्हाईक मेंढराच्या पाठीवर हात फिरवतं, ते काय मायेनं नसतं.

आमचं गाव पिशोर. खरं सांगू का? माझ्या आज्यानं कधी बिऱ्हाड डोक्यावर वाहिलं नाय. घोडं होतं त्याच्याकडं. भांडीकुंडी, मेंढरं कोंडायची जाळी, चालता न येणारी कोकरं, सगळं घोड्यावर. घोडं ठेवलं कशापायी? माणसाची कंबर राहावी म्हणून. अन् हा शिकलेला साहेब म्हणतो, आमाला कंबरच नाय!

माझी तर कवाच गेली होती. सकाळी डावा पाय बधिर. बायको तेल चोळायची, तवा उभा राहायचो. पण कुणाला बोललो नाय. धनगराचं पोर अन् कंबर दुखते म्हणलं तर लोक दात काढतील, ह्याचं भ्याव.

आठ दिवसांनी सुदामभाऊ माझ्यापाशी आले. देवगाव रंगारीचे, पाटील माणूस, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. कंबरेला पट्टा आवळून काम करायचे. क्रेट वर ओढायला छताला चेनपुली बसवा, असा सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज त्यांनीच दिला होता.

“अर्ज फेटाळला,” म्हणले. “साहेबानं तुझा व्हिडिओ दाखवला. एक माणूस आरामात उचलतो, मग चेनपुली कशाला? तुझी ताकद आमच्या मुळावर आली, बाबा.”

त्यांच्याकडं बघायची हिंमत झाली नाय.

सोमवारी माल घेणाऱ्या कंपनीचे पाव्हणे आले. साहेब परत लाडात. “चल पैलवान, दाखव.”

“नाय उचलणार.”

“का? कंबर मोडली का?”

“व्हय, मोडली. लिहून घ्या.”

ह्या वक्ताला कुणी हसलं नाय. साहेबानं सुदामभाऊंकडं बोट केलं. “तू उचल.” ते मान खाली घालून पुढं आले. माझं टाळकंच सरकलं. मी जाऊन क्रेटवर बसलो, पाव्हण्यांसमोर. म्हणलं, “उचलायचाच असंल तर माझ्यासकट उचला. साहेब, तुमीच या.”

साहेबाचं तोंड लालबुंद. दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड चाललं नाय. चार दिवस घरी बसलो. पाचव्या दिवशी साहेबाचं बोलावणं. पाव्हण्यांनी त्या क्रेटचं लिहून विचारलं, असं कानावर आलं होतं. बसायला चक्क खुर्ची. कागद पुढं सरकवला. “सही कर. माझी काही तक्रार नाही, एवढंच लिहिलंय. चेनपुली मागवलीच आहे.”

मागवलीच आहे म्हणं! सही केली नाय. आधी ती चेनपुली छताला लटकलेली बघीन. सुदामभाऊंनी तिनं क्रेट उचललेला बघीन. मग कागद वाचीन. सही करायची का नाय, ते सगळ्यांना विचारून ठरवीन. तवर तो क्रेट मी एकट्यानं उचलत नाय, अन् दुसऱ्या कुणालाबी उचलू देत नाय. मला कामावर ठेवायचं तर ठेवा, काढायचं तर काढा.