आबाकाकांच्या काँटेसाचं इंजिन

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गॅरेजमधल्या गड्यांना नाही, दोन पेगनंतरही नाही — आणि दोन पेगनंतर मी काय काय सांगतो हे अख्ख्या नांदेडला ठाऊक आहे. विष्णुपुरीच्या धरणात बुडालेली जीप मी पाण्याखालीच चालू केली, इंजिन असं तापलं की मासे शिजून वर आले, हे मीच सांगतो. लातूरच्या एका डॉक्टरची गाडी फोनवर नुसता हॉर्न ऐकून दुरुस्त केली, हेही मीच. लोक हसतात, चहा पाजतात, पुन्हा सांगा म्हणतात. कुणाचं काय बिघडलं त्यानं? मग ही एकच गोष्ट का दाबून ठेवली? कारण ही थाप मी तोंडानं मारली नव्हती.

सांगतो. घाई करू नका. इतकी वर्षं गिळलेलं एका दमात वर येत नसतं.

लॉकडाउनच्या बऱ्याच आधी एकदा माझा शाळेतला दोस्त मिलिंद ट्रकवर लादून काँटेसा घेऊन आला. आपल्या देशात पैलवानाच्या छातीची तेवढी एकच गाडी झाली. लांब बॉनेट, रुंद खांदे, उभी असली तरी दंड थोपटल्यासारखी. ही माझ्या आबाकाकांची. लोह्याजवळच्या आमच्या गावी गोठ्याच्या कडेला सडत होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. काका गेल्यावर चुलतभावानं भंगारात काढली, ती मिलिंदनं उचलली. मिलिंद आता लातूरला इंजिनिअर आहे — रस्त्यांचा, पुलांचा. गाडीच्या पोटातलं त्याला काही कळत नाही. त्यासाठी मी होतो ना.

पत्रा होईल, रंग होईल, प्रश्न इंजिनाचा. गॅरेजच्या बाकड्यावर रोज सभा भरायची. कुणी म्हणे, काळीपिवळी जीपचं डिझेल बसवा, त्याचे पार्ट पानटपरीवरसुद्धा मिळतात. कुणी म्हणे, जपानी पेट्रोल टाका, गाडी उडंल. मी म्हणालो, रणगाड्याचं आणतो, तुम्ही फक्त रस्ता रुंद करून घ्या. सगळे हसले. मिलिंदही हसला, आणि मग म्हणाला —

“बाळ्या, इंजिन तेच पाहिजे. रंग तुला वाटंल तो दे. आवाज तोच पाहिजे. लई ढकललंय मी तिला.”

ढकललंय. खरं होतं ते. आबाकाकांच्या गाडीची बॅटरी थंडीत रुसायची. मग काका बौद्धवाड्याकडं हाक मारायचे आणि पोरं धावत यायची. मिलिंद त्यांत सगळ्यात पुढं. ढकलत ढकलत वेशीपर्यंत न्यायचे, तिथं इंजिन पकडायचं, एकदा खाकरायचं आणि मग घुमायचं — काय घुमायचं! त्या आवाजानं बाया पदर सावरायच्या, पारावरची माणसं उठून उभी राहायची. गाडी निघून जायची. धूर पोरांच्या तोंडावर. त्यांच्यातल्या एकालाही काकांनी कधी आत बसवलं नाही.

मी कुठं होतो? मी आत होतो. मागच्या सीटवर, काचेला नाक लावून. ढकलणाऱ्या मिलिंदला वाकुल्या दाखवायचो. आणि तासाभरानं शाळेत त्याच्याच बाकावर बसून त्याचंच गणित उतरवायचो.

मोठेपणी मी सुधारलो — असं मी सांगत फिरतो. मिलिंदच्या घरी जेवतो. भीमजयंतीला माझ्या गॅरेजसमोर सरबताचा पिंप लागतो, माझ्या खिशातून. पुतण्यानं एकदा वंगाळ शब्द काढला तर त्याच्या कानाखाली जाळ काढला होता. हे सगळं खरं आहे, यात थाप नाही. म्हणूनच तर पुढचं सांगायला जड जातंय.

इंजिन मी उघडलं. चांगलं निघालं. लई चांगलं. पिस्टन जाम झाले होते, वॉल्व्ह गंजले होते, पण ब्लॉक — इंजिनाचा मुख्य सांगाडा — अखंड. महिनाभराचं काम, की पुन्हा तसंच घुमलं असतं. मी पाना हातात धरून उभा राहिलो आणि मला ते ऐकू आलं. वेशीतून आत येणारा तो आवाज. पारावरची माणसं उठून उभी. आणि स्टेअरिंगवर मिलिंद.

मला ते सोसलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, चुलतभावाचा फोन आला असेल, भावकीनं दम दिला असेल. न्हाई. कुणाचा फोन नाही, कुणाचा दम नाही. भावकीला गाडीत काय इंजिन आहे याचं सोयरसुतकही नव्हतं. सरबत वाटणाऱ्या या माणसाच्या पोटातून ते आलं — आवाज आमच्या घरचा आहे, गाडी न्यायची तर ने, आवाज नको. एवढं स्पष्ट. दारू प्यालेलो नव्हतो, रागात नव्हतो. उलट फार शांत होतो.

ब्लॉकला चीर आहे का हे बघायची आमची जुनी रीत आहे. ब्लॉकवर घासलेट ओतायचं, मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. चीर असेल तर आत शिरलेलं घासलेट परत बाहेर पाझरतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. मिलिंद शनिवारी येणार होता. त्याची गाडी फाटकात वळताना दिसली तसा मी घासलेटात भिजवलेला बारीक दोरा दोन सिलिंडरच्या मधल्या भिंतीवर दाबला, उचलला आणि वर खडू चोळला. दोरा सरळ नाही ठेवला. खरी चीर कधी सरळ जात नसते. माझी कारागिरी बघा!

मिलिंद आत आला, वाकला. पांढऱ्यावर हळूहळू रेघ वर येत होती. मी एक शब्द बोललो नाही. नुसतं बोट दाखवलं.

“काय हाय हे?” त्यानं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, “चिरलंय?”

मी मान हलवली. त्यानं रेघेजवळ हात नेला, पण लावला नाही. आजारी माणसाच्या कपाळाजवळ नेतात तसा नेला. मग म्हणाला, “बरं. डिझेल घाल. पण हे फेकू नको बाळ्या. मी लातूरला घरी नेऊन ठेवीन.”

घरी? कुणीतरी जाणकार येणार, बघणार, चीर कुठंय विचारणार. मग काय करायचं होतं मी? तो गेल्यावर घण घेतला. चिरलेलं बीड — ओतीव लोखंड — बद्द वाजतं. हे वाजलं ते देवळातल्या घंटेसारखं. पहिल्या घावाला वाजलं, दुसऱ्याला वाजलं. फुटलं तेव्हा थांबलं. मिलिंदला सांगितलं, उचलताना साखळी तुटून पडलं. तो मलाच म्हणाला, “तुझ्या पायावर न्हाई ना पडलं?”

डिझेल बसलं. गाडी झकास झाली, काळी कुळकुळीत. मिलिंद ती पहिल्यांदा गावी घेऊन निघाला तेव्हा पुढचं दार उघडून मला म्हणाला, “बस.” मी बसलो. वेशीतून आत गेलो. पारावरच्या म्हाताऱ्यांनी पत्त्यांतून मान वर काढली नाही. आमच्या ओट्यावर काकू शेंगा फोडत बसली होती. तिला आता दिसत नाही. तिनं सुनेला विचारलं, “कोण आलंय गं? दुधाचा टेम्पो का?”

मिलिंदनं ऐकलं. तो हसला, उतरला, जाऊन काकूच्या पाया पडला. परत येऊन बॉनेटवर हात ठेवून जरा वेळ उभा राहिला. इंजिन चालूच होतं — खडखड, खडखड.

“ती चीर नसती ना बाळ्या…” तो म्हणाला.

मी म्हणालो, “नशीब.”

हे छापून आलं की मिलिंद वाचणार. वाचू दे. माफी मागत नाही. मागितली तर ती द्यायची का नाही हे ओझंही त्याच्याच डोक्यावर. काका तसे होते म्हणून मी असा, हेही म्हणत नाही. काका जाऊन जमाना झाला, खडू माझ्या हातात होता. फक्त त्या दिवशी वेशीत मी जे म्हणालो ते खोडतो. नशीब नव्हतं ते, मिलिंद. मी होतो.