"गाडी माझीच आहे, सर"

त्या पांढऱ्या गाडीचं प्रकरण आठवलं की इतक्या वर्षांनंतरही माझी मान खाली जाते. नोकरीत याहून मोठे गुन्हे मी तपासले. पण विसरता येत नाही ते हेच.

मी ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला विद्यार्थी म्हणून आलो. आमच्या घरातला कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुढे इथल्याच पोलीस खात्यात लागलो. काही वर्षांनी भारतातून शिकायला येणाऱ्या मुलांची रीघ लागली. मॉसन लेक्स या उपनगराच्या आसपास एकेका भाड्याच्या घरात पाच-सहा जण राहायचे. ठाण्यात मराठी येणारा मी एकटाच, त्यामुळे अशा घरातलं काही निघालं की सार्जंट माझ्याकडे बघायचा.

एका दुपारी एका गाडीने सायकलवरच्या म्हाताऱ्या गृहस्थांना उडवलं आणि ती न थांबता निघून गेली. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. गाडी पांढरी होती, एवढंच त्यांना सांगता आलं. दोन दिवसांनी कुत्र्याला फिरवणाऱ्या एका बाईंचा फोन आला. एका घरामागे पांढरी गाडी ताडपत्रीखाली अर्धवट झाकून ठेवली आहे आणि तिचा पुढचा डावा दिवा फुटलेला आहे, असं त्या म्हणाल्या.

त्या घरात पाच मुलं होती, सगळी मराठी. गाडीची नोंद मात्र तिथे पूर्वी राहणाऱ्या सहाव्याच्या नावावर, आणि तो केव्हाच भारतात परतलेला.

"गाडी चालवतं कोण?"

"कोणीच नाही, सर. पडूनच असते."

"मग आहे कोणाची?"

"माझी नाही." पाचही जणांचं हेच उत्तर. त्यातल्या सर्वांत मोठ्याला बाकीचे दादा म्हणत. त्याने माझ्यापुढे चहा ठेवला. "तुम्ही आपलेच आहात, सर. नो वरीज, काही कळलं तर मीच फोन करतो."

दुसऱ्या दिवशी एकेकाला ठाण्यात बोलावलं. जबाबाच्या खोलीत रेकॉर्डिंग असतं, बोलणं इंग्रजीत आणि नियमाने. पण बाहेरच्या पॅसेजमध्ये मी प्रत्येकाला मराठीत एक वाक्य ऐकवलं. "तुम्ही कुठे काय सही करून दिलंय ते सगळं आमच्याकडे आहे. तिथे एक आणि इथे दुसरं निघालं, तर पुढच्या विमानाने घरी." माझ्याकडे काहीही नव्हतं. ही माझी नेहमीची थाप होती आणि मला तिचा थोडा अभिमानही होता, असं आता लिहावं लागतंय.

चौघे ढिम्म राहिले. पाचवा, सगळ्यांत लहान, सुपरमार्केटबाहेरच्या ट्रॉल्या गोळा करायचं काम करायचा. त्याने विचारलं, "सगळं म्हणजे सगळं, सर?"

"सगळं."

आत सार्जंटने त्याला बजावलं की उत्तर द्यायलाच हवं असं नाही. मुलगा म्हणाला, "गाडी माझीच आहे, सर."

"त्या दुपारी कोण चालवत होतं?"

त्याने टेबलावरच्या रेकॉर्डरकडे पाहिलं. मग म्हणाला, "गाडी माझी, म्हणजे मीच असणार."

सार्जंट बाहेर येऊन म्हणाला, "झालं, मेट. मिळाली कबुली." मला मात्र ते 'असणार' खटकलं. गुन्हा केलेला माणूस असं बोलत नाही.

मी मुलाला मागच्या अंगणात नेलं. आम्ही ओढून आणलेली गाडी तिथेच उभी होती. किल्ली त्याच्या हातात दिली. "जरा मागे घे बघू."

तो आत बसला. पायाखाली तीन पेडल बघून थबकला. बोटाने मोजल्यासारखं करून माझ्याकडे बघू लागला. त्याला गाडी चालवताच येत नव्हती.

"मग खोटं का बोललास?"

"खोटं आधीच बोललोय, सर." तो रडायलाच लागला. "टॅक्स रिटर्नमध्ये लिहिलंय ना, गाडी माझी म्हणून. कामासाठी वापरतो म्हणून तिचं रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, सगळा खर्च दाखवलाय. दादाने भरून दिलं. म्हणाला, सगळेच दाखवतात, रिफंड जास्त येतो. मी तर कामाला चालत जातो. तुम्ही म्हणालात दोन ठिकाणी वेगळं निघालं तर घरी पाठवणार. आमच्या घरात कॉलेजात कोणी गेलेलं नाही, सर. मी परत गेलो तर काय सांगू?"

"आणि बाकीच्यांच्या रिटर्नमध्ये?"

"सगळ्यांच्याच आहे. दादाच्या पण."

ठाण्यात जी गाडी कोणाचीच नव्हती, ती रिटर्नमध्ये पाचही जणांची होती.

मुलाला घेऊन मी त्या घरी गेलो. दादाने दार उघडलं, मुलाचा चेहरा पाहिला आणि सावरून म्हणाला, "त्याने सांगितलं ना, सर? गाडी तशी त्याचीच. त्याच्या रिटर्नमध्ये पण आहे."

"तुझ्याही आहे," मी म्हटलं. "आणि याला क्लच कुठला ते माहीत नाही. तुला माहीत आहे?"

दादा मुलाकडे बघेना. मुलगाही त्याच्याकडे बघत नव्हता. शेवटी दादा दाराच्या चौकटीला टेकून म्हणाला, "शिफ्टला उशीर झाला होता, सर. ते अचानक आडवे आले. मी घाबरलो."

दादावर रीतसर खटला झाला. मुलाने टॅक्स ऑफिसला स्वतः कळवून रिटर्न दुरुस्त केलं आणि जास्तीचा रिफंड परत केला. व्हिसाला धक्का लागला नाही. पुढे तो पास झाला, असं कोणाकडून तरी ऐकलं.

त्या दिवशी परत निघताना मी त्याला विचारलं होतं, "तू या गाडीत कधी बसला तरी होतास का?"

"एकदाच, सर. मी इथे आलो तेव्हा. दादा एअरपोर्टवर घ्यायला आला होता."

त्यानंतर ती थाप मी पुन्हा मारली नाही. खोटं पचवायची सवय असलेले चौघे तिने हललेसुद्धा नाहीत. हलला तो एकटाच, ज्याला सहीची किंमत वाटत होती. त्याची चूक होती, पण ती वेगळी होती. मी ती उघडी पडण्याची भीती दाखवून त्याच्या गळ्यात दुसऱ्याचा गुन्हा जवळजवळ अडकवला होता. परक्या देशातल्या पोलीस ठाण्यात आपली भाषा कानावर पडली की त्याला धीर यायला हवा होता. मी ती धमकीसाठी वापरली.