पुढच्या चाकांचा दांडा

गुलाबभाऊ गेल्याचं पोस्टकार्ड मला तेरवी उलटल्यावर मिळालं. तरी कारंजाला त्यांच्या घरी जाऊन आलो. त्याला महिना झाला. तिथे जे बोलायला हवं होतं ते बोललो नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

सन पन्नासनंतरच्या वर्षांत मी तिकडच्या एका सरकारी कचेरीत ओव्हरसियर होतो आणि भाऊ ड्रायव्हर. आधी आमच्याकडे लढाईतून उरलेली उघडी जीप होती. पावसात फायली भिजत, आम्ही भिजत, भाऊ मात्र तिच्यावर खूश. मग स्टेशन वॅगन आली. जीपच ती, पण पत्र्याचं छप्पर, दारं, मागे बाकं, समोर दोन तुकड्यांची काच. "आता जीप घरदारवाली झाली जी," भाऊ म्हणाले. पुढे अखंड काचेची वॅगनही आली, पण ती चालवणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्याला कारण मी.

काळ्या मातीच्या चिखलात पुढची चाकंही ओढायला लागावीत म्हणून गिअरशेजारी एक छोटा दांडा असे. पक्क्या सडकेवर तो सोडायचाच, नाहीतर आतले दाते तुटतात. एकदा गाडी चिखलातून निघाल्यावर मी हट्टानं चालवायला बसलो. तशी परवानगी मला नव्हती. सडक लागली तसे भाऊ म्हणाले, "साहेब, दांडा सोडा. गाडी कन्हून राह्यली."

"मला शिकवू नका," मी म्हटलं... काही मैलांवर खालून कडाड आवाज झाला आणि वॅगन जागीच थांबली.

गाडी कोण चालवत होतं, मोठ्या साहेबांनी विचारलं. माझी नोकरी कच्ची, लग्न नुकतंच ठरलेलं. मी टेबलाकडे पाहत राहिलो. भाऊच म्हणाले, "मीच होतो जी. दांडा सोडाले इसरलो." त्यांची ड्रायव्हरकी गेली. ते हायवेवर ट्रक दुरुस्तीला बसले. मी बदली मागून घेतली आणि दर दिवाळीला त्यांना खुशालीचं पत्र लिहीत राहिलो. माफी मात्र एकाही पत्रात मागितली नाही. भित्रा माणूस मी!

आता गेलो तेव्हा त्यांच्या मुलानं चहा दिला. तोही ड्रायव्हर. म्हणाला, "बाबा आमाले हेच शिकवत. 'मी एकदा इसरलो अन् हातची गाडी गेली, तुमी इसरू नका.' पण मले पटत नाई जी. गाडीले इतका जपणारा माणूस इसरंल काऊन? तुमी तं संगंच होते."

तो माझ्या तोंडाकडे पाहत होता.

"होतं असं कधी कधी," मी म्हणालो.